दहा दिवस कंबोडियात, मुलांना मदत करायला

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. "मुलांना घेऊन परदेशात सेवेसाठी कुठे जाता येईल?" असा प्रश्न इथे सुट्टीच्या तोंडावर कोणी ना कोणी विचारतंच. दीड वर्षापूर्वी मीही विचारला होता. आम्ही जाऊन आलो, त्यालाही पाच महिने झाले. तेव्हा ज्यांनी मनापासून माहिती दिली त्यांना उत्तर द्यायचं राहून गेलं होतं. शिवाय जे पाहिलं ते नीट सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, म्हणून हा धागा. मोठा होईल, सांभाळून घ्या.

आम्ही सिंगापूरला असतो. लेक चौदाची, मुलगा नऊ वर्षांचा. इथल्या शाळांमध्ये सेवेचे तास भरावे लागतात, आणि कंबोडिया इथून विमानाने जेमतेम दोन-सव्वादोन तासांवर. त्यामुळे शाळांचे गट, कंपन्यांचे गट, हौशी कुटुंबं, सगळ्यांची पावलं तिथल्या सिएम रीप शहराकडे वळतात. अंगकोर वाटही बघून होतं. जूनच्या सुट्टीत सासूबाई निफाडहून आल्या होत्या, म्हणून आम्ही पाचही जण निघालो. सासूबाईंनी बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीचे वर्ग सांभाळले आहेत. हे आधीच सांगते, कारण सगळ्यात आधी खटकलं ते त्यांना.

एका संस्थेमार्फत शहराबाहेरच्या एका अनाथाश्रमात दहा दिवसांचं काम ठरलं होतं. नाव देत नाही, विचारू नका. माणशी चारशे सिंगापूर डॉलर भरले, राहणं-खाणं वेगळं. वह्या, रंगपेट्या, टूथब्रश, आमच्या मुलांचे आखूड झालेले पण धड कपडे अशा दोन बॅगा भरून नेल्या.

फाटकातून आत गेलो आणि मुलं धावतच आली. एकतीस मुलं होती. आठेक वर्षांची एक मुलगी थेट लेकीच्या कमरेला बिलगली. "सिस्टर, सिस्टर" करत तिला पायरीवर बसवलं, तिचे केस सोडले आणि वेणी घालायला घेतली. तीनपदरी, घट्ट वेणी. शेवटी स्वतःच्या मनगटातलं लाल रबर काढून टोकाला लावलं. लेकीला तिने पहिला प्रश्न विचारला तो नावाचा नव्हता. "यू गो होम, वॉट डे?" लेक म्हणाली, दहा दिवसांनी. मुलीने बोटांवर दहा मोजले, मान हलवली आणि पुन्हा बिलगली.

आम्ही सगळे विरघळलो. रात्री खोलीवर मुलगा म्हणाला, आई, आपण दरवर्षी इथेच येऊ या. सासूबाई मात्र गप्प होत्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "एकही पोर लाजलं नाही गं. माझ्या वर्गात जूनच्या पहिल्या दिवशी निम्मी पोरं आईचा पदर सोडायची नाहीत. दाराआड उभी राहायची. चौथ्या-पाचव्या दिवशी कुठे जवळ यायची. इथे एकतीसातलं एकही लाजत नाही. हे लक्षण मला बरं वाटत नाही."

मला तेव्हा त्यांचा रागच आला होता.

दुसऱ्या दिवसापासून कामाला लागलो. लेकीने रंगांची कार्डं करून नेली होती. तिने लाल दाखवलं, मुलं ओरडली "रेड". निळं दाखवलं, "ब्लू". तिसरं कार्ड वर यायच्या आतच सगळी एका सुरात "यलो!" म्हणाली. हाच धडा, याच क्रमाने, आधीच्या किती गटांनी घेतला असेल कोण जाणे. नवऱ्याकडे भिंत रंगवायचं काम होतं. त्याने खरवडायला सुरुवात केली तर बोटाच्या नखाएवढा जाड पोपडा निघाला. त्याने तो हातात धरून मला दाखवला. वर हिरवा, त्याखाली पिवळा, त्याखाली फिकट निळा, सगळ्यात खाली गुलाबी, आणि गुलाबीवर कुणाच्या तरी पंजाच्या ठशाचा तुकडा. ती भिंत चांगलीच होती. दर गटाला रंगवायला काहीतरी हवं म्हणून ती रंगवली जात होती. आणि पाच पावलांवर मुलांच्या न्हाणीघराचं दार बिजागरीतून निखळून दोरीने बांधलेलं होतं.

सासूबाईंना इंग्रजी बेताचं, ख्मेर अर्थातच शून्य. पण मुलांनी शाळेला "साला" आणि शिक्षकांना "क्रू" म्हटलेलं त्यांनी लगेच टिपलं. शाला आणि गुरू! बालक म्हणजे "कोमार". त्या शब्दांवर त्यांचं आणि मुलांचं बरंच काही जमलं. "क्रू" म्हणून मुलं त्यांना दोन्ही हात जोडून नमस्कार करायची.

रविवार उजाडला. सकाळी फाटकाबाहेर सायकल घेऊन एक बाई उभी होती, हँडलला केळीच्या पानात बांधलेलं काहीतरी. वेणी घालणारी मुलगी फाटकापाशी गेली. जाळीतून दोघींची बोटं एकमेकींत. आमच्या टुकटुकवाल्याला आम्ही तिथल्या पद्धतीने "बाँग", म्हणजे दादा, म्हणायचो. त्याला विचारलं, ही कोण? तो सहज म्हणाला, तिची आई.

आई!

मग त्यानेच बोलून घेतलं. बाई बावीस किलोमीटरवरून आली होती. नवरा थायलंडला बांधकामावर गेला, त्याचे पैसे येतात कधी, येत नाहीत कधी. घरात अजून दोन लहान मुलं. गावात येऊन कुणीतरी सांगितलं की आश्रमात पोटभर जेवण मिळतं, इंग्रजी शिकवतात, परदेशी लोक शिक्षणाचा खर्च करतात. म्हणून तिने मुलीला ठेवलं. महिन्यातून एकदा भेटायला येते. त्या दिवशी पाहुणे आहेत म्हणून तिला आत घेतलं नव्हतं. पाहुणे म्हणजे आम्ही.

सासूबाई तडक व्यवस्थापकाकडे गेल्या, लेकीला दुभाषी करून. विचारलं, या एकतीसांत आई आणि वडील दोघंही नसलेली किती? तो माणूस वाईट नव्हता, खोटं बोलला नाही. म्हणाला, चार.

आम्ही सहाव्या दिवशी काम थांबवलं. मुलांना तोंडदेखलं काही सांगायचं नाही असं ठरवून नीट निरोप घ्यायला गेलो. ती मुलगी रडली नाही. रोजच्यासारखी लेकीच्या मागे उभी राहिली, वेणीच्या टोकाचं लाल रबर हळूच काढलं आणि आपल्या मनगटात परत घातलं.

लेक परतीच्या विमानात आणि नंतरही बरेच दिवस त्यावर बोलली नाही.

घरी येऊन मी वाचायला घेतलं. कंबोडिया सरकारने युनिसेफच्या मदतीने २०१५ मध्ये मोजणी केली तेव्हा ४०६ निवासी संस्थांमध्ये १६,५७९ मुलं सापडली. त्याआधी २००५ ते २०१० या पाच वर्षांत अशा संस्थांची संख्या जवळजवळ पाऊणपटीने वाढली होती. तिथलं यादवी युद्ध संपून तेव्हा कितीतरी वर्षं झाली होती, अनाथ वाढायचं काही कारण नव्हतं. वाढले होते पर्यटक. या मुलांपैकी बहुतेकांची आई किंवा वडील, निदान एक जण, हयात असल्याचं त्याच काळातल्या पाहण्यांत दिसलं. पुढे सरकारनेच पाच प्रांतांतली ३० टक्के मुलं २०१८ पर्यंत घरी परत पाठवायचं ठरवलं, त्या प्रांतांत सिएम रीपही होता. तिथल्या एका मोहिमेची पोस्टरं तर २०११ पासून शहरात लागलेली होती: मुलं म्हणजे पर्यटनस्थळ नव्हेत. हे सगळं जायच्या आधी वाचता आलं असतं. मी हॉटेलच्या पोहण्याच्या तलावाचे अभिप्राय वाचले होते, हे नाही वाचलं.

तुमचे अनुभव लिहा. विरोधी मतंही लिहा.

रानमेवा

वाचून सुन्न झाले. आम्ही २०१९ मध्ये तिकडेच तोन्ले साप तळ्यावर गेलो होतो. नावाड्याने तरंगत्या गावातल्या दुकानापाशी होडी लावली. पलीकडे अनाथ मुलांची शाळा आहे, तांदळाचं पोतं घेऊन द्या म्हणाला. पन्नास डॉलर सांगितले. दिले. मुलांनी टाळ्या वाजवल्या, फोटो झाले. परत फिरताना मागे वळून पाहिलं तर एक माणूस तेच पोतं खांद्यावर घेऊन दुकानाकडे चालला होता. यजमान म्हणाले, सोड, आपण दिलं ना. माझ्या मनातून ते पोतं अजून जात नाही.

कंदील

धागा प्रामाणिक आहे, पण मला पटला नाही, आणि तेही प्रामाणिकपणे सांगतो. आई जिवंत आहे म्हणून मूल उपाशी नाही असं थोडंच होतं? त्या बाईला दोन वेळचं पुरत नव्हतं म्हणूनच तिने मुलीला तिथे ठेवलं. तुम्ही सहाव्या दिवशी निघून आलात त्याने तिचं काय भलं झालं? असे लेख वाचून लोक देणंच बंद करतात, आणि मग त्या एकतीस ताटांचं काय?

आम्ही गेली नऊ वर्षं मुलाच्या वाढदिवसाला आमच्या गावाजवळच्या आश्रमात जेवण देतो. पुरी-भाजी, श्रीखंड, शेवटी केक. मुलाला कळावं की सगळ्यांना सगळं मिळत नाही. त्यात कुणाचं वाईट होतं असं मला आजवर वाटलं नाही.

डोंगरकडा

आपल्याकडे मेळघाट आहे, नंदुरबार आहे. कंबोडियाला जायची गरजच काय होती, हा माझा साधा प्रश्न.

अवांतर: "मंदिर"सुद्धा तिथे आहे. रुग्णालयाला ख्मेरमध्ये "मोंतीर पेत" म्हणतात, त्यातला मोंतीर म्हणजे आपलं मंदिर.

दक्षिणदार

मी बालमानसशास्त्रात काम करते. गोदाकाठ, तुमच्या सासूबाईंना माझा साष्टांग नमस्कार सांगा. "एकही पोर लाजलं नाही" हे आम्ही जे पुस्तकांतून शिकतो ते त्यांनी एका दुपारी ओळखलं.

वर्षा-दीड वर्षाचं मूल अनोळखी माणसाला बघून आईच्या कुशीत तोंड लपवतं. ते निरोगी असतं. त्याला ठाऊक असतं की माझं माणूस कोणतं आणि परकं कोणतं. ज्या मुलाची माणसं दर आठवड्याला बदलतात त्याच्या मनात हा भेदच नीट उभा राहत नाही. ते कुणालाही बिलगतं, कुणाच्याही मांडीवर बसतं, कुणाचाही हात धरून चालू लागतं. पाहुण्यांना ते प्रेम वाटतं. अशा मुलाला फसवून नेणंही सोपं असतं, हे वेगळं सांगायला नको.

याचा सगळ्यात कसून अभ्यास रुमानियात झाला. चाउशेस्कूच्या राजवटीने १९६६ मध्ये गर्भपातावर बंदी घातली, कुटुंबांना मुलं पोसवेनात, आणि १९८९ मध्ये राजवट कोसळली तेव्हा लाखाहून जास्त मुलं सरकारी संस्थांमध्ये होती. तिथेही बहुतेकांचे आईवडील जिवंत होते. २००० नंतर चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना यांनी बुखारेस्टमधल्या १३६ लहान मुलांचे चिठ्ठ्या टाकून काढावेत तसे दोन गट केले. एका गटातली मुलं पालककुटुंबांत गेली, दुसऱ्यातली संस्थेत राहिली. कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी, बोलणं, माणसांशी जुळणारं नातं, सगळं सुधारत गेलं. आणि दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांचं जास्त सुधारलं.

कंदील, तुमचा प्रश्न रास्त आहे. उपाशी राहण्यापेक्षा ताट बरंच. पण ते ताट आईच्या घरी पोचवायला येणारा खर्च संस्थेतल्या ताटापेक्षा कमी असतो. संस्थेला इमारत लागते, पगार लागतात, पहारा लागतो. आईला यातलं काही लागत नाही.

शेवंती

मी महाराष्ट्रात बालकल्याणाच्या कामात चौदा वर्षं आहे, म्हणून कंदील यांना थोडं लिहिते. रागावू नका, तुमची भावना मला कळते. असे शेकडो दाते मी पाहिलेत आणि त्यांच्यामुळे कितीतरी गोष्टी निभल्या आहेत.

आमच्याकडेही चित्र फार वेगळं नाही. बालगृहातल्या बऱ्याच मुलांना आई असते. वडील गेलेले, दारूत बुडालेले किंवा सोडून गेलेले. आई ऊसतोडीला, वीटभट्टीवर नाहीतर कुणाच्या घरी कामाला. बाल न्याय कायदा २०१५ चा आहे. मुलाला संस्थेत ठेवणं हा अगदी शेवटचा उपाय, असं त्यात तत्त्व म्हणून लिहिलेलं आहे. आणि आपल्या राज्यात बालसंगोपन योजना आहे. मूल घरीच, आईजवळ किंवा आजी-मामाजवळ वाढावं म्हणून महिन्याला २,२५० रुपये मिळतात. कितीतरी आयांना ही योजनाच माहीत नसते. माहीत झाली तरी दाखले गोळा करता करता दोन-चार दिवसांची मजुरी बुडते, आणि अर्ज अर्धवट राहतो.

आता वाढदिवसाचं. आमच्याकडे एका आठवड्यात चार केक आल्याचं मी पाहिलंय. मुलं ओळीने बसतात, ओळखीपाळखीच्या नसलेल्या मुलासाठी गाणं म्हणतात, टाळ्या वाजवतात. ज्यांची जन्मतारीख ठाऊक नाही त्यांची कागदावर १ जून घातलेली असते. सात वर्षांच्या एकाने मला विचारलं होतं, "मॅडम, सगळे लोक त्यांचा वाढदिवस इथे का करतात? त्यांच्याकडे घर नाही का?" मी त्याला काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही. त्याच्या हातात बशी होती आणि त्याने केक खाल्ला नव्हता, हे आठवतं.

कंदील

शेवंतीताई, दोनदा वाचलं. आज एवढंच लिहितो.

चुलबोळकी

आम्ही डिसेंबरात जायचं ठरवतोय, तिकिटं काढली आहेत. मुलं दहा आणि सात. आता काय करू? नुसतं देवळं बघून, हॉटेलात राहून परत यायचं का? मुलांना दाखवायचंय की जग आपल्या सोसायटीच्या फाटकापाशी संपत नाही. गोदाकाठ, सहाव्या दिवसानंतर तुम्ही काय केलंत ते लिहा ना.

गोदाकाठ

सगळ्यांचे आभार. दक्षिणदार, सासूबाईंना तुमचा प्रतिसाद फोनवर वाचून दाखवला. म्हणाल्या, "पुस्तक कशाला, पोरांकडे बघायचं."

डोंगरकडा, आम्ही सिंगापुरात राहतो, शाळेचा नियम होता, कंबोडिया जवळ, म्हणून गेलो. मेळघाटातही असेच आठ दिवस खेळायला आणि रंगवायला गेलो असतो तर तिथेही हेच झालं असतं असं मला आता वाटतं. देश कुठला याने फरक पडत नाही. मोंतीरसाठी खास आभार, कारण पुढे तेच सांगणार आहे.

कंदील, "निघून आलात त्याने तिचं काय भलं झालं" हा प्रश्न मला रोज पडतो. त्या निघून येण्याने काही भलं झालं नाही. त्या मुलीच्या बाबतीत मी काय केलं ते शेवटी लिहिते.

चुलबोळकी, उरलेल्या चार दिवसांचं सांगते. टुकटुकवाल्या बाँगनेच रस्ता दाखवला. अंगकोरला जायच्या वाटेवर जयवर्मन सातवा या तिथल्या जुन्या राजाच्या नावाचं मुलांचं रुग्णालय लागतं. कांथा बोफा रुग्णालयांपैकी हे एक. बेआट रिखनर नावाचे स्वित्झर्लंडचे बालरोगतज्ज्ञ १९७४-७५ मध्ये नोम पेन्हला काम करत होते, ख्मेर रूजची कम्युनिस्ट राजवट आल्यावर त्यांना देश सोडावा लागला. राजा सिहानूक यांच्या विनंतीवरून ते परत आले आणि १९९२ मध्ये उद्ध्वस्त रुग्णालय पुन्हा उघडलं. सिहानूक यांची कांथा बोफा नावाची मुलगी चार वर्षांची असताना रक्ताच्या कर्करोगाने गेली होती, तिचं नाव रुग्णालयाला. उपचार मोफत. रिखनर उत्तम चेलो वाजवायचे, शनिवारी सिएम रीपला कार्यक्रम करायचे. म्हाताऱ्या श्रोत्यांकडे पैसे मागायचे, तरुणांकडे रक्त. २०१८ मध्ये ते वारले.

रक्त अजूनही लागतं, डेंगीच्या दिवसांत तर फारच. नवऱ्याने आणि मी तिथे रक्त दिलं. लेकीचं वय बसत नव्हतं, ती शेजारी बसून होती. बाहेरच्या ओसरीत खेड्यांतून आलेल्या आया आपापल्या मुलांना घेऊन बसलेल्या. एकीच्या मांडीवरचं दीडेक वर्षांचं पोर आमच्या मुलाकडे बघून घाबरलं आणि आईच्या सदऱ्यात तोंड खुपसून रडायला लागलं. सासूबाई इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोकळं हसल्या.

तुम्ही देवळं बघालच. तीन दिवसांचं तिकीट ६२ डॉलर, बारा वर्षांखालच्या मुलांना लागत नाही. प्रत्येक तिकिटातले दोन डॉलर या रुग्णालयांना जातात. ता प्रोह्मचं देऊळ बघाल तेव्हा मुलांना एक सांगा. तिथल्या ११८६ च्या संस्कृत शिलालेखात जयवर्मन सातव्याच्या राज्यातल्या १०२ आरोग्यशालांचा उल्लेख आहे. आरोग्यशाला हाच शब्द. आणि त्या देवळाच्या जतनाचं काम आपल्या भारतीय पुरातत्त्व खात्याने केलंय. सासूबाईंनी आमच्या मुलांना तिथेच एका दगडावर बसवून हे सांगितलं, तिथून त्या उठायलाच तयार नव्हत्या.

देवळांपाशी लहान मुलं पोस्टकार्डं विकायला येतील. दहा कार्डं इंग्रजीत, जपानीत, फ्रेंचमध्ये मोजून दाखवतात. जीव तुटतो, पण घेऊ नका. तिथल्या शाळा बऱ्याच ठिकाणी दोन पाळ्यांत भरतात. मूल जेवढं जास्त कमावतं तेवढी त्याची पाळी बुडते. त्याच्याशी बोला, नाव विचारा, आणि खरेदी मोठ्या माणसांकडून करा. रात्री तान्हं बाळ घेऊन दुधाच्या पावडरचा डबा मागणाऱ्या बाया दिसतील, तो डबा बहुतेक वेळा दुकानात परत जातो.

फारे सर्कस नक्की दाखवा. ती चालवणारी बात्तांबांग शहरातली कलाशाळा १९९४ मध्ये थायलंड सीमेवरच्या निर्वासित छावणीतून परतलेल्या नऊ तरुणांनी आपल्या चित्रकलेच्या शिक्षिकेबरोबर सुरू केली. तिथे शिकलेली मुलं मोठी होऊन सिएम रीपला २०१३ पासून खेळ करतात. प्राणी नाहीत, फक्त माणसं. तिकिटाचे पैसे शाळेला जातात. कलाकार कमावते आहेत, तुम्ही प्रेक्षक आहात, कुणी कुणाला बिलगत नाही. माझ्या लेकीने तिथे प्रवासातली पहिली टाळी मनापासून वाजवली.

आणि मुलांना आवडेल ते सुरुंग शोधणाऱ्या उंदरांचं केंद्र. टांझानियाहून आणलेले हे मोठे उंदीर स्फोटकांचा वास ओळखतात, आणि वजनाला हलके म्हणून सुरुंग फुटत नाही. मगावा नावाच्या उंदराला २०२० मध्ये ब्रिटनच्या एका संस्थेने सुवर्णपदक दिलं होतं. आमच्या चिरंजीवांनी परत आल्यावर वर्गात यावरच भाषण केलं.

आता त्या मुलीचं. घरी आल्यावर लेकीने शाळेच्या फॉर्मवर सेवेचे तास पाच दिवसांचेच भरले, आणि खाली एक पान जोडलं. काय लिहिलं ते मला दाखवलं नाही. शिक्षिकेने मला बोलावून घेतलं. यंदा शाळेच्या गटाचा आश्रमाचा दौरा रद्द झाला आहे. आम्ही, बाँगने सुचवल्याप्रमाणे, मुलांना संस्थांतून घरी नेण्याचं काम करणाऱ्या तिथल्याच लोकांना त्या मुलीची आणि तिच्या आईची माहिती दिली, आईची परवानगी घेऊन. दरवर्षीच्या सहलीचे म्हणून बाजूला ठेवतो त्यातले पैसे आम्ही आता त्या कामाला देतो, कुणा एका मुलीच्या नावाने नाही. त्यांनी सांगितलं की घाईने घरी धाडलेलं मूल पुन्हा संस्थेत येतं. आधी घरात धान्य, शाळेची सोय, वर्ष-दोन वर्षं भेटी. म्हणून मला अजून "ती घरी गेली" असं लिहिता येत नाही.

चुलबोळकी

मुलांना वाचून दाखवलं. मोठा म्हणतोय, तू आणि बाबा रक्त द्या, आम्ही दोघं शेजारी बसू. तसंच करणार.

दक्षिणदार

दौरा रद्द झाला हे वाचून बरं वाटलं. ज्यांच्या शाळा, कंपन्या असे गट नेतात त्यांनी एकच विचारावं: आमच्या शाळेत दर आठवड्याला अनोळखी माणसं येऊन मुलांना उचलून घेतील, फोटो काढतील, हे आपण चालवून घेऊ का? संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०१९ च्या ठरावात अनाथाश्रमांतल्या अशा स्वयंसेवेचा धोका नोंदवलाय, तो मुख्याध्यापकांपुढे ठेवता येतो.

कंदील

आठ दिवसांनी लिहितोय. मुलाचा वाढदिवस १९ तारखेला आहे. यंदा आश्रमाच्या अधीक्षकांना फोन करून विचारलं, श्रीखंड-पुरी सोडून तुम्हाला खरंच काय हवंय? ते थोडा वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, हे आजपर्यंत कुणी विचारलं नव्हतं.

त्यांच्याकडे बेचाळीस मुलं. तेवीस जणांना आई आहे. मी नऊ वर्षं जातोय, मला हे माहीत नव्हतं. गेल्या दिवाळीत त्यांतल्या सहाच जणी भेटायला येऊ शकल्या. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, पण काही जणी दीडशे किलोमीटरवरून येतात, जाण्यायेण्यात दोन दिवसांची मजुरी जाते आणि मुक्कामाला जागा नसते. अधीक्षक म्हणाले, दोन दिवसांची मजुरी आणि रात्रीच्या निजण्याची सोय झाली तर बाकीच्याही येतील.

शेवंतीताई, बालसंगोपनाचे अर्ज कुठे द्यायचे आणि कोणते दाखले लागतात ते सविस्तर लिहाल का? या तेवीस जणींपैकी कुणी भरला आहे का ते अधीक्षक बघून सांगणार आहेत.

शेवंती

अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात, मंजुरी बालकल्याण समितीकडून. दाखल्यांची यादी मोठी आहे आणि कोणता दाखला कुठे अडतो तेही सांगावं लागेल, म्हणून आज रात्री बसून लिहिते. तोवर अधीक्षकांना सांगून प्रत्येक मुलाचं आधार आणि आईचा रहिवासी पुरावा आहे का तेवढं तपासून ठेवा. आमचे निम्मे अर्ज तिथेच अडकतात. आणि दिवाळीला आया येतील तेव्हा फॉर्म तिथेच भरून घ्या, सह्यांसाठी त्यांची पुन्हा एक खेप वाचेल.

कंदील

आधारचं उद्या विचारतो. निजायला आमच्या मंगल कार्यालयाचा वरचा हॉल रिकामा असतो, मालकांशी बोललोय. सतरंज्या आमच्या मंडळाच्या आहेत.